माय, पोतारू नको

डीडीटीचा पंप रोज धुतला तरी तळाशी गाळ उरतोच. आमच्या फवाऱ्याच्या टोळीचे किस्से तसेच. एक सांगून संपवला की खाली दोन बसलेले असतात. म्हटलं, आज ढवळूनच टाकू.

टोळीत आम्ही तिघं. माझा मोठा भाऊ, दादा, तो मुकादम. शंकर पंप मारायला आणि मी पावडर कालवायला. मी चौथीतून पळालो तो सरळ या बादलीत पडलो! कळंबकडची गावं आमच्या वाट्याला. भिंतीवर फवारा मारायचा, भिंतीवर बसलेला मच्छर मरतो, हिवताप थांबतो. अट एकच. त्यानंतर काही महिने भिंत पोतारायची नाही. पांढऱ्या मातीचा बोळा फिरला की औषध मातीखाली गेलंच!

आमच्या गावात ही अट मोडणारी एकच बाई होती. आमची माय!

दादाची सायकल वळणाआड गेली की मायचा बोळा भिंतीवर. यवतमाळचे साहेब तपासणीला आले की हसायचे, "मुकादम, सारं गाव तुमचं आयकते, अन् घरचीच भिंत बिनऔषधाची?" दादा लालबुंद व्हायचा. शेवटी दाराशेजारी, जिथं आम्ही फवाऱ्याची तारीख टाकतो तिथं, त्यानं गेरूनं मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, 'माय, पोतारू नको.'

माय म्हणाली, "मले वाचता येते काय?"

दादानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी अक्षरं मातीखाली!

मग दर फेरीला तो लिहायचा आणि ती पोतारायची. दादा म्हणायचा, "एक डाव, फक्त एक डाव मायनं माह्यं आयकलं पाह्यजे. मंग मी जिंकलो."

०

दादाला पेपरातलं 'नवं संशोधन' वाचायचा भारी नाद. हॉटेलात भजे बांधून आलेला कागदसुद्धा सोडायचा नाही. एकदा वाचलं की बिडी-सिगरेटच्या धुरानं फुफ्फुसं खराब होतात, मोठमोठ्या डॉक्टरांनी शोधून काढलं. शंकर हा बिडीचा राक्षस. त्यानं तिथंच शपथ घेतली आणि बिड्यांचा कट्टा त्या गावच्या लिंबाखाली पुरून टाकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पार पुढच्या गावात. पंप मारता मारता शंकर म्हणतो, "मुकादम, कालच्या गावात फवारा बरोबर बसला नाही वाटते."

गेलो परत. तिसऱ्या दिवशी पुन्हा, "त्या लिंबाजवळचं घर माह्या मनात राह्यलं, बाप्पा!"

तिथं जाऊन हा काय करायचा? कट्टा उकरायचा, एक बिडी ओढायचा, बाकीच्या पुन्हा पुरायचा. शपथ म्हणजे शपथ!

चौथ्या दिवशी दादानं हात जोडले. "शंकर, त्या गावात एक मच्छर उरला नाही. आता तो कट्टा खिशात ठेव, पन आमाले पुढच्या गावाले जाऊ दे!"

०

एका गावात दादानं पाटलीणबाईंना तासभर समजावलं, पाणी उकळून प्या, जंतू मरतात. महिन्यानं गेलो तर बाई खूश. "तवापासून उकळूनच पितो, भाऊ!"

दादानं विचारलं, "थंड कसं करता मंग?"

"त्यात काय? निम्मं उकळलेलं, निम्मं विहिरीचं."

दादा डोक्याला हात लावून बसला. बाई समजूत घालून राहिल्या, "निम्मे जंतू तं मेले ना, भाऊ!"

०

ताप असलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, ते यवतमाळला तपासायचं, हेही आमचं काम. एका तांड्याच्या म्हाताऱ्या नायकांचा थेंब घेतला आणि योगायोगानं त्यांचा ताप त्याच संध्याकाळी उतरला. झालं! दुसऱ्या दिवशी सारा तांडा रांगेत. कोणाचं डोकं दुखते, कोणाची कंबर. सगळ्यांची बोटं पुढं!

रांगेच्या शेवटी नायक स्वतः बैल घेऊन उभे. "याले बी ताप हाये, मुकादम. चारा खाऊन नाही राह्यला."

दादानं सुई पुसली आणि शांतपणे म्हणाला, "दाखवा याचं बोट."

नायकांनी बैलाच्या चारही पायांकडं पाहिलं. मग म्हणाले, "मी धरतो, तुमीच निवडा."

०

लोकांना मच्छराचं काही नव्हतं. त्यांना फवारा पाहिजे ढेकणांसाठी! आम्ही दिसलो की घराघरातून खाटा-बाजा बाहेर. पहिल्या वर्षी ढेकूण मेले, आमची आरती ओवाळायचीच तेवढी बाकी राहिली. दोन वर्षांनी तेच ढेकूण मरेनात. दादानं पेपरात वाचलं होतं, औषधाची किड्यांना सवय होते, हेही नवं संशोधन. त्यानं एका आजीला तसं सांगितलं.

आजी भडकल्या. "म्हंजे तुमी दोन वर्सं त्याह्यले खुराक देऊन राह्यले होते काय? पैलवान झाले ना माह्या बाजेतले!"

०

त्या पेपरात सगळ्यापासून कसं वाचायचं ते छापून यायचं. धुरापासून, माशीपासून, उघड्या पाण्यापासून. नाल्याच्या पुराबद्दल एकदाही आलं नाही. दादा सायकल खांद्यावर घेऊन त्यात उतरला, भादव्यात, आमच्या घरचा फवारा झाला त्याच दिवशी. सायकल सापडली तीन दिवसांनी, दादा त्याच्या आदल्या दिवशी. मी ती सायकल दगडानं ठेचली. आता कामावर पायी जातो.

जाऊ द्या. दिवाळीचं सांगायचं राहिलं.

०

दिवाळीच्या आधी साहेब तपासणीला आले. आमच्या दारात थांबले आणि बघतच राहिले. मायनं सारं घर पोतारलं होतं! चारही भिंती पांढऱ्याफेक, डीडीटीचा कणसुद्धा कुठं शिल्लक नाही. फक्त दाराशेजारी सुपाएवढा तुकडा मळका सोडलेला. त्याच्या चारही बाजूंनी बोळा असा जपून फिरवलेला, जशी रांगोळीची कड.

साहेबांना हसू आवरेना. "बाई, सारं घर पोतारलं, मंग एवढाच तुकडा कायले सोडला?"

माय बोळा हातात घेऊन उठली. म्हणाली, "मले वाचता नाही येत, साहेब. तिथं काय लिवलं हाये, वाचा बरं."

साहेबांनी चष्मा लावला. मोठ्यानं वाचलं, "माय, पोतारू नको."

"मंग?" माय म्हणाली. "आयकलं ना म्या!"