शनिवारी कापलेला कोट

नवऱ्याच्या कोटाच्या कापडाला पहिली कात्री मी लावली. त्यांना न विचारता.

मास्तरांना जाऊन आज वर्ष झालं, म्हणून आता सांगायला हरकत नाही. मी बोलतेय, नात टाइप करतेय.

श्रीगोंद्यात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेतले नव्हेत, शिलाईवाले.

आमचं लग्न बहात्तरच्या उन्हाळ्यातलं. माझं माहेर देवळाली प्रवरा, पाटाच्या पाण्यावरचा ऊस. इकडे सासरी भाड्याचं दुकान, एक मशीन आणि वर दुष्काळ. लोक खडी फोडायला जात होते, नवे कपडे कोण शिवणार?

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लग्नात जावयाला कोटाचं कापड दिलं. भारीपैकी, राखाडी.

देताना म्हणाले, "जावईबापू, दिवाळसणाला ह्याचा कोट स्वतः शिवून, अंगात घालून या. न्हाई जमलं तर दुकान बंद करा. कारखान्यावर काट्यावर चिकटवतो तुमाला."

आबा बोलले म्हणजे करणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

मास्तरांना काट्यावर उसाच्या गाड्या मोजायच्या नव्हत्या. त्यांना कोट शिवायचे होते. नगरला एका मोठ्या दुकानात ते शिकले, पण तिथं त्यांना काज-बटणाच्या पुढं कुणी जाऊ दिलं नव्हतं. कोटाची कटिंग नुसती लांबून बघितलेली.

मग सुरू झाला प्लॅन.

रोज दुपारी जुन्या वर्तमानपत्रावर कोट आखायचा. कापायचा. भिंतीला लावून बघायचा. पुन्हा आखायचा. घरात कागदाचे इतके कोट झाले की सासूबाई त्यावर पापड वाळत घालायच्या.

कापड मात्र ट्रंकेत.

"अहो, आज घ्या ना कापायला."

"आज अमावस्या हाय."

मग पितृपक्ष लागला. नव्या कापडाला कात्री लावायची नाही. मग मंगळवार. मग गळ्याचा आकार अजून मनासारखा नव्हता.

दसरा गेला आणि माझा धीर संपला. मी मूळची उतावळी. आधी उडी, मग पाणी किती ते बघायचं. एका दुपारी ट्रंक उघडली, कापड टेबलावर पसरलं आणि कडेनं सरळ वीतभर कात्री चालवली.

मास्तर दारात उभे. पुढं आले आणि त्या चिरेवरून बोट फिरवलं.

मी म्हटलं, "आता झालीच ना सुरुवात? पुढचं कापा."

त्यांनी कापलं. घाबरत कापलं, पण कापलं. दोन-चार दिवस जेवायचीही शुद्ध नव्हती. खांदे छान बसले, कॉलर तर बघत राहावी अशी. शेवटी बाह्या कच्च्या टाक्यांनी जोडल्या आणि त्यांनी कोट अंगात घातला.

उजवा हात मागं वळत होता. पाठ खाजवायला निघाल्यासारखा.

दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या.

कापड संपलेलं. तसलं कापड श्रीगोंद्यात मिळणारही नव्हतं.

सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शनिवारी कात्री लावली हिनं. मग दुसरं काय व्हनार?"

मी खाली मान घालून उभी होते. मास्तर म्हणाले, "शनिवारचं काय न्हाई, आई. तिचंबी काय न्हाई. मी कागदावर शिकलो. कागदाला उलट-सुलट नसती. कापडाला असती."

त्या एका वाक्यावर मी पुढचा सगळा संसार केला, असं म्हटलं तरी चालेल.

दिवाळसणाला निघताना मी त्यांना पढवलं. कोट झालाय, गिऱ्हाइकाला नमुना म्हणून दुकानात ठेवलाय, असं सांगा. ते "बरं" म्हणाले.

माहेरी ओवाळून झाल्यावर आबांनी विचारलं, "कोट कुठंय?"

मास्तरांनी पिशवीतनं कोट काढला, सगळ्यांसमोर अंगात घातला आणि तो मागं वळलेला हात आबांसमोर धरला. माझा थोरला भाऊ इतका हसला की लाडू घशात अडकला. मला वाटलं, झालं, संपलं दुकान.

आबा हसले नाहीत. "असं कसं झालं?"

मास्तरांनी सांगितलं. काहीही न लपवता.

"मग आता कसं करनार?"

"कापड दुहेरी घालायचं, आतनं सुलट्याला सुलटी बाजू लावून. दोन्ही बाह्या एकदमच कापायच्या. आन् आधी जुन्या धोतरावर कापून बघायचं. नुसत्या कागदावर न्हाई."

आबांनी आईला हाक मारली. "माझं कापड आन गं." माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात कोट घालायला म्हणून त्यांनी नगरहून ते आणलेलं.

आई म्हणाली, "अवो, एक वाया घालवलं की त्यांनी."

"म्हनून तर. दुसरा शिंपी धरला तर त्यो ही चूक माझ्या कापडावर करंल. ह्यांची करून झालीय."

मास्तरांनी शिवलेला तो नवा कोट धोतरावर घालून आबा भावाच्या लग्नात मिरवले. काट्याचा विषय पुन्हा निघाला नाही. कोट शिवायचा तर श्रीगोंद्यात मास्तरांकडेच, असं पुढं लोक म्हणू लागले.

घरात आमचं ठरूनच गेलं. आखायचं त्यांनी, ढकलायचं मी. आणि काम झालं की दोघांनी बसून कुठं चुकलं ते बोलायचं. भांडणंही तेव्हाच व्हायची. मुलीचं शिक्षण, घर बांधणं, सगळं असंच झालं.

गेल्या वर्षी मात्र काहीच आखता आलं नाही. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि नगरचा दवाखाना यायच्या आत सगळं संपलं.

वर्षभर विचारणाऱ्यांना सांगतेय, सवय झाली म्हणून. नाही झाली. दिवस कसा काढायचा ते आता सकाळी माझं मलाच ठरवावं लागतं. मला ठरवता येत नाही. काहीतरी चुकतं, आणि संध्याकाळी ते बोलायला समोर कुणी नसतं.

अहो, एकटीनं राहणं मला अजून जमलेलं नाही. पण रोज करतेय. थोडं थोडं शिकतेय. काळजी करू नका.

मास्तर, तुम्हाला मनापासून नमस्कार.

घरातून निघताना तुम्हाला कधी 'जा' म्हणाले नाही. आजही म्हणणार नाही.

या.