पत्रकांचा तारा

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील मूळचे दुष्काळी माण तालुक्यातले, पाण्याच्या चळवळीत आयुष्य घातलेले. सांगलीत राहायला आलो तरी सभा संपली की उरलेले गठ्ठे घरीच यायचे. मी त्यांवरच वाचायला शिकले. त्यामुळे डिसेंबरात मोबाईलवर भेटवस्तूंच्या जाहिराती सुरू झाल्या की माझं डोकं फिरतं. प्रेम दाखवायचं तर आधी खरेदी करा, हे ठरवलं कुणी? ज्यांना परवडत नाही, त्यांना जिवाभावाची माणसं नसतात का?

म्हणून शेजारच्या मावशींना नाताळची भेट द्यायची ती हातानं केलेलीच, असं मी घरात जाहीर करून टाकलं. मावशी निवृत्त नर्स. मी जन्मले तेव्हा आईचा हात धरून त्याच उभ्या होत्या. दर नाताळला त्यांच्या दारात कागदाचा तारा लागायचा. तो त्यांचे यजमान, आमचे काका, स्वतः बनवायचे. यंदा पावसाळ्यात काका गेले. मावशींनी आईला सांगून टाकलं, "यंदा तारा नाही, करंज्या नाहीत. चर्चला जाऊन येईन आणि दार लावून बसेन."

आईला ते दार लावणं सहन होईना. "एकदा माणूस कोंडून घ्यायला लागलं की मग भायेर येत न्हाई," ती म्हणाली. तिनं जुन्या लुगड्यांची, खुर्चीत टाकायची लहानशी गोधडी शिवायला घेतली. तारा माझ्याकडे आला. बांबूच्या कामट्या तासल्या, पण सांगाडा काही केल्या उभा राहीना. वडील पेपराआडून बघत होते.

"देवाधर्माचं आमी काय करत न्हाई," ते म्हणाले.

"कोण सांगतंय तुम्हाला?"

"पर ही काय गाठ हाय? शेरडूबी सोडवून जाईल."

"आवं, मग तुमीच बांधा की," आई सुईवरची नजर न काढता म्हणाली.

वडिलांनी बांधला. कागद विकत आणायचा प्रश्नच नव्हता. गठ्ठ्यातली पिवळी पत्रकं घेतली, छापील बाजू आत, कोरी बाहेर, आणि मैद्याच्या खळीनं चिकटवली. तारा देखणा झाला.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. मावशींनी दार अर्धंच उघडलं. गोधडी छातीशी धरली, पण ताऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हे कशाला केलंत? मी लावणार नाही म्हटलं होतं ना."

"लावू नगा. पेटतोय का तेवढं बघा," म्हणत वडिलांनी आत जाऊन ताऱ्यातला बल्ब लावला.

तारा उजळला आणि त्याच्या पाचही टोकांवर आतली अक्षरं उमटली, उलटी. पत्रकं आम्ही जन्मभर भिंतींवर चिकटवली, त्यांच्यामागे दिवा कधी लावला नव्हता. वडिलांनी घाईनं बटण बंद केलं.

"राहू द्या, भाऊ," मावशी म्हणाल्या. चष्मा लावून, मान वाकडी करून त्या एकेक अक्षर जुळवत वाचू लागल्या. "पाणी... मिळालंच... पाहिजे." मग वडिलांकडे वळल्या. "गोठ्यात बाळ जन्मलंय, आणि तुम्ही तिथंही मोर्चा घेऊन पोचलात?"

"गोठ्यात बी पाणी लागतंच की, वहिनी."

मावशी हसल्या. काका गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसताच त्या रडू लागल्या. आई त्यांच्याशेजारी बसून राहिली. थोड्या वेळानं मावशींनी डोळे पुसले, स्वयंपाकघरातून स्टूल ओढत आणलं आणि दार सताड उघडून उंबऱ्यात ठेवलं.

"चढा," त्या वडिलांना म्हणाल्या.

कुठल्याच देवासमोर हात न जोडलेले माझे वडील स्टुलावर चढले. मावशींनी स्टूल धरलं. "थोडा डावीकडे. तेवढा नाही. आता वर." वडील तारा हलवत होते, मावशींचं समाधान होत नव्हतं. गल्लीतली माणसं थांबून बघू लागली, तरी त्या सांगतच राहिल्या, आणि वडीलही खाली उतरायची घाई करेनात.