अंगठे आणि जोडलेले हात

आमच्या आश्रमशाळेच्या स्टाफरूममध्ये चहा आला की कोणीतरी मोबाइल काढतं आणि ग्रुपवरच्या इमोजींचा आणखी एक किस्सा निघतो. इतके साठलेत की आधी हसू येतं, मग तोंड लपवावंसं वाटतं. पण लपवणार कुठे? सगळे आम्हीच!

हेडसरांनी वृक्षारोपणाचा मेसेज वरच्या प्रकल्प ऑफिसला पाठवला. झाडाचं चित्र शोधता शोधता त्यांना सापडलं नाताळचं झाड, दिव्यांसकट! तिकडच्या मॅडमनी विचारलं, "हे कुठलं रोप?" सर म्हणाले, "सातपुड्यातलंच, मॅडम!"

एकदा वसतिगृहाच्या बाईंनी टाकलं, 'डाळीत अळी सापडली.' सरांनी खाली जिभल्या चाटणारा चेहरा ठोकला! स्वयंपाकीणबाई त्यांच्याशी बोलेनात. सर सगळ्यांना सांगत सुटले, "अहो, मी छी म्हटलं होतं!"

चौधरीभाऊ आमचे क्लार्क. शाळेचं वेबपेज तेच बघतात. त्यांनी प्रवेशाच्या सूचनेत ओळीने फुलं पेरली. ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रिंट काढून पालकांना वाटली, तर फुलांच्या जागी रिकामे चौकोन! पालकांनी मुकाट्याने प्रत्येक चौकोनात शाईचा अंगठा उठवला. सर ओरडले, "फुलं कुठे गेली?" चौधरीभाऊ म्हणाले, "अंगठ्यांखाली, सर!" आम्ही हसलो. त्या पालकांसमोरच हसलो, याची मला आता लाज वाटते.

आणि रूपसिंगभाऊंचं तर सांगवत नाही. ते ऊसतोडीला गुजरातेत. लेक सुनीता आमच्याकडे पाचवीत. भाऊंना लिहिता येत नाही, म्हणून पालकांच्या ग्रुपवर रोज सकाळी नुसते जोडलेले हात टाकायचे. कोणी उत्तर द्यायचं नाही. एक दिवस सर वैतागले, "शाळेचा ग्रुप आहे की देऊळ? काढा त्याला!" चौधरीभाऊंनी काढलं. आम्ही सगळ्या स्टाफने त्याला होकाराचा अंगठा टाकला. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी रूपसिंगभाऊ गेटवर. कपड्यांना उसाचा पाला तसाच चिकटलेला.

"मॅडम, मन्ही सुनीता कोठे शे?"

मी नळाकडे बोट केलं. सुनीता ताट धुवत होती. तिला बघितलं आणि ते पायरीवर मटकन बसले, हुंदके द्यायला लागले.

सर धावत आले. "अहो, मध्येच कसे आलात?"

"सर, जेन्हं पोर शाळामा, तोच ग्रुपमा ऱ्हास ना? तुम्ही माले काढी टाकं... माले वाटनं, मन्ही पोरच ऱ्हायनी नही."