आवाज बसला तेव्हाचा वर्ग

स्नेहसंमेलनाच्या तालमी संपल्या आणि माझा आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग चिरकायला लागला आणि एका सकाळी हजेरी घेताना पहिल्याच नावाला तोंडातून नुसती हवा बाहेर आली. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. शिक्षकांना होतं असं. औषध देतो, पण खरा उपाय म्हणजे गप्प बसणं. कुजबुजायचंसुद्धा नाही."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "रजा घ्या." मी मोबाइलवर टाइप करून त्यांच्यापुढे धरलं : सहावीचं मराठी कोण घेईल? त्यांनी ते वाचून चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही येणारच. या. पण तुमचा एक शब्द जरी माझ्या कानावर आला, तर मी स्वतः रिक्षात बसवून घरी पाठवीन."

पहिल्या दिवशी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि लिहिलं : माझा आवाज आजारी आहे. आपण सगळं करणार आहोत, फक्त मी बोलणार नाही. अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटत होती आणि मुलं ती एका सुरात मोठ्यानं वाचत होती. वाचून झाल्यावर सगळा वर्ग कुजबुजायला लागला. एकानं शेजारच्याला विचारलं, "अरे, पण आपण का हळू बोलतोय?" मला हसू आलं, आणि हसायलाही बंदी होती.

लॉकडाऊनमध्ये शिकलेल्या आणि नंतर बाजूला पडलेल्या कितीतरी गोष्टी मी परत बाहेर काढल्या. उत्तराची कार्डं तर फारच कामी आली. प्रत्येकाकडे काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं एक कार्ड, त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय; जे उत्तर असेल ती बाजू वर करून धरायची, मी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कुणाला काय समजलं नाही ते लगेच दिसायचं. इतक्या वर्षांत "समजलं का?" या प्रश्नाला मला "हो" याखेरीज उत्तर मिळालं नव्हतं.

धडा वाचून दाखवायला लॅपटॉपमधल्या वाचणाऱ्या बाईला सांगितलं. तिचा आवाज गोड, पण 'चूल' आणि 'चिमणी' यांतला 'च' तिला एकच वाटायचा. मुलं हसून लोटपोट झाली आणि तिची चूक सुधारायला लागली. तेव्हा सुचलं, की मग मुलांनीच का वाचू नये? धड्याचा एकेक परिच्छेद वाटून दिला. घरी रेकॉर्ड करून वर्गाच्या ग्रुपवर पाठवायचा, मी सगळे तुकडे जोडून वर्गात लावायचे.

वर्गात उरणजवळच्या करंज्याची एक मुलगी होती. वडील मासेमारीच्या बोटीवर. ती शाळेसाठी इथे नवीन पनवेलला आत्याकडे राहायची. वर्षाच्या सुरुवातीला तिनं एकदा "माझ्याकडं पुस्तक नाय" म्हटलं, वर्ग हसला, आणि तेव्हापासून ती माझ्याशी मानेनंच बोलायची. बाजारावरच्या धड्यातला एक परिच्छेद तिच्या वाट्याला आला होता. तिचं रेकॉर्डिंग ग्रुपवर आलं नाही, फक्त मला आलं.

"मॅडम, तुमी बोलू नका, मी सांगते," अशी सुरुवात. पुस्तक बाजूलाच राहिलं होतं. पहाटे बोटी धक्क्याला लागतात, बाया टोपल्या घेऊन आधीच थांबलेल्या असतात, लिलाव करणारा इतक्या भराभर बोलतो की नव्या माणसाला काही कळत नाय, आणि बाबा बोटीवरून आधी तिला शोधतात, मग दोर टाकतात. मी ते स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून ऐकलं, आणि संपल्यावर पुन्हा लावलं.

तिला लिहिलं : वर्गात लावू? बऱ्याच वेळानं उत्तर आलं : हसतील. मी लिहिलं : कुणी हसलं तर लगेच बंद करीन. मग नुसतं "हो" आलं.

दुसऱ्या दिवशी मी ते लावलं, तेव्हा तिनं बाकावर डोकं टेकलं होतं. कुणी हसलं नाही. संपल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, परत." दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर, पूर्वी सगळ्यांत मोठ्यानं हसलेल्या मुलानं तिलाच विचारलं, "पण तो इतका भराभर बोलतो, तर बायकांना कसं कळतं?"

तिनं डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं. मी हातानंच 'सांग' म्हटलं. ती उभी राहिली. "कळतं. आमी लानपणापासून ऐकतो ना." आणि तिनं लिलाव करूनच दाखवला, एका दमात. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना.

माझा आवाज हळूहळू परत आला. पूर्वीसारखा खणखणीत नाही, पण चालतो. आता तासाचा निम्मा वेळ मी गप्पच असते, आणि ते मला आवडायला लागलंय.

पालकसभेला तिची आत्या आली. "मॅडम, हिनं माज्या फोनमंदी जागा ठेवली नाय," ती तक्रार करत होती, पण हसत. "रोज शाळंत काय झालं ते बोलते न् बापाला पाठवते. समुद्रात रेंज नाय. बोट किनाऱ्याजवळ आली की सगळे मेसेज एकदम येतात."

"मग ते कधी ऐकतात?" मी विचारलं.

"तवाच. बाकीचे मासळी उतरवतात आन् हा कानाला फोन लावून बसतो. कोण ओरडलं तरी उठत नाय."