शेवटच्या सायकलचं जॅकेट

मी लिहिणारा माणूस नाही, तरी लिहायला बसलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आई सोलापुरात विड्या वळायची, वडील यंत्रमागावर होते. चार ओळी लिहिल्या की अजूनही वाटतं, मागून कुणीतरी विचारेल — तुला कुणी सांगितलंय हे? कुणीच सांगितलेलं नाही. आणि जे लिहिणार आहे ते मीही कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. एकदा देवळात सांगायला गेलो होतो, तिथेही नुसता उभा राहून परत आलो.

जरा लांबून सुरुवात करतो. चालेल ना? सरळ बोलायला गेलो तर परत गप्प बसेन.

दोन हजार पाच साली डिप्लोमा झाल्यावर मला चेन्नईत अप्रेंटिसशिप मिळाली. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, एन्नोरच्या बाजूला. सकाळी सहाची पाळी, दुपारी दोनला सुटी, मग बस पकडून शहरात संध्याकाळचं इंजिनिअरिंग कॉलेज. सहाच्या पाळीला बस मिळायची नाही, म्हणून मी जुनी सायकल घेतली. पहाटे पाचला निघायचं. तो रस्ता तुम्ही पाहिला नसेल तर कसा सांगू — बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक, काही चालते, काही दिवे न लावता कडेला उभे. दोन्ही बाजूंनी राख उडायची, वीज केंद्राची. खड्ड्यांत पाणी. आणि त्या सगळ्यातून अंधारात आम्ही सायकलवाले. चाळीस फुटी ट्रेलरच्या ड्रायव्हरला आम्ही दिसणार कसे? काळी सायकल, राखाडी युनिफॉर्म. मडगार्डला मागे पांढरा पट्टा असायचा, तो दोन दिवसांत राखेचा होऊन जायचा.

सेतुरामराव मला तिथेच भेटले. आमच्या कारखान्यात स्टोअरचे कारकून, वय पन्नाशीच्या पुढे, घर तंजावरकडचं. घरात पिढ्यान्पिढ्या मराठी, पण ती मराठी मला पहिल्यांदा अर्धीच कळली. मी सोलापूरचा म्हटल्यावर हसले. म्हणाले, "तुझें मराठी नवें, आमचें जुनें. जुन्याला मान दे रे तंबी." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी त्यांना मामा म्हणायला लागलो. रविवारी त्यांच्या घरी जेवायला जायचो. मामी वाढताना तमिळमध्ये रागवायची — एवढंसं खातो, कॉलेजात डोकं कसं चालेल.

आम्ही पाच जण त्या वाटेने जायचो. मामा, सेल्वम नावाचा फिटर, दोन मशिनवाले आणि मी. सुटं कुणी जायचं नाही, रांगेत जायचं, ही मामांची पद्धत. त्यांच्या मेहुण्याने बंदरातून एक जुनं जॅकेट दिलं होतं. नारिंगी, बिनबाह्यांचं, पुढेमागे रेडियमचे रुंद पट्टे. जॅकेट एकच. म्हणून नियम असा की रांगेतल्या शेवटच्याने ते घालायचं. मागून येणाऱ्याला तो एक दिसला की पुरे, गाडी उजवीकडे घेतली जाते, पुढचे चौघे आपोआप वाचतात. शेवटच्याची पाळी रोज बदलायची. रेल्वे फाटकाजवळ थांबायचं, ज्याची पाळी त्याने जॅकेट चढवायचं, बाकीच्यांनी पुढे निघायचं. एकदा निघालं की मागे वळून बघायचं नाही, खड्ड्यांवर नजर ठेवायची. आणि मामा रोज फाटकाशी सांगायचे, "मागला पुढें येणें नाही. काय?"

सेल्वम म्हणायचा, "राव सार, मागला पुढे आला तर काय, दंड?"

"दंड मी घेणार नाही. लॉरी घेईल," मामा म्हणायचे.

हा नियम साधा होता की नाही? मला तो पूर्ण कळला होता. हे मुद्दाम लिहितो.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्या वाटेवर आमच्या पुढे एक माणूस मेला. आमच्यातला नव्हता, मासे घेऊन चाललेला कुणीतरी. वळणावर ट्रेलरच्या मागच्या चाकाखाली आला. आम्ही पोचलो तेव्हा लोक जमत होते. मी बघायला नको होतं. डोकं राहिलं नव्हतं. टायरच्या खाचांत केस अडकले होते आणि सगळीकडे मासे पडले होते, त्यातले काही अजून हलत होते. सेल्वम ओकला. मी ओकलो नाही, मी पाळीला गेलो, आठ तास काम केलं, कॉलेजला गेलो. पण त्या दिवसापासून मागून हॉर्न आला की माझी मान आत जायची. पाठीच्या मधोमध एक जागा गार पडायची. जॅकेट घातलं की ती जागा जास्तच गार पडायची. खरं तर जॅकेटवाला सगळ्यांत जास्त दिसतो, तोच सुरक्षित. डोक्याला कळत होतं. पण शेवटचा म्हणजे ज्याच्यामागे कुणी नाही असा — ते पाठीला कळत होतं.

नंतरच्या आठवड्यात जॅकेटची पाळी माझ्यावर आली. धुकं आणि कचरा जाळल्याचा धूर, दोन्ही होतं. फाटकाशी मी जॅकेट घातलं. मामांनी माझ्या पाठीवरचा पट्टा बाहीने पुसला. माझ्यापुढे ते स्वतः होते, त्यांच्यापुढे बाकीचे तिघे.

मासेवाला गेला त्या वळणाच्या अलीकडे मागून एक ट्रेलर आला. त्याने मला पाहिलं, हॉर्न दिला, बाजूने गेला. इतका जवळून की सायकल थरथरली आणि तोंडात राख गेली. तो गेला, आणि लगेच मागे दुसऱ्याचं इंजिन ऐकू आलं. मी काय विचार केला? काहीच नाही. उभा राहून पेडल मारलं, मामांना डावीकडून ओलांडलं आणि त्यांच्यापुढे शिरलो. जॅकेट माझ्या अंगावर. ओलांडताना मामा एवढंच म्हणाले, "काय रे तंबी?" रागाने नाही. मला बरं नाही की काय, असं विचारल्यासारखं.

मी पेडल मारत राहिलो.

मग तो आवाज. सायकल मोडल्याचा आवाज मोठा असेल असं वाटतं ना? तो बारीक होता. नंतर ब्रेक, आणि काहीतरी ओढत नेल्याचा.

मी सगळ्यांत आधी त्यांच्यापाशी पोचलो. बाकीचे पुढे होते, वळून यायला त्यांना वेळ लागला. मिनिट, दीड मिनिट. त्या वेळात मी जे केलं ते हे. मामा पालथे पडले होते. पाठीवरचा शर्ट फाटून गेला होता आणि खालची कातडी सोलून निघाली होती, एक पाय उलटा. जिवंत होते. मी अंगातलं जॅकेट काढलं आणि त्यांच्या अंगात घातलं. पांघरलं नाही — घातलं. उजवा हात कोपरात मोडला होता, तो धरून मी जॅकेटच्या भोकातून काढला. हाड हाडाला घासलेलं माझ्या बोटांना लागलं. ते ओरडले. त्यांना कुशीवर वळवून पुढच्या बांधायच्या दोन्ही पट्ट्या लावल्या. त्यांचे डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होते का, मला माहीत नाही. मला माहीत नाही, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. बघत होते.

ड्रायव्हर स्वतःच उतरून पळत आला. हे कुणी लक्षात घेतलं नाही — तो पळून गेला नव्हता, तो आमच्याकडे आला होता. नामक्कलकडचा, चाळिशीचा, अनवाणी, लुंगी गुडघ्यावर. हात जोडून एकच सांगत होता, "तेरियले सार, तेरियले." दिसला नाही, सार, दिसला नाही.

तोवर पाळीला चाललेली माणसं जमली होती. वीस-तीस. कुणीतरी मामांवर बॅटरी मारली आणि रेडियमचे पट्टे लखकन चमकले. सगळ्यांना दिसले. सेल्वमने ड्रायव्हरचं मुंडकं धरून खाली वाकवलं, तोंड त्या पट्ट्यांजवळ नेलं.

"हे दिसलं नाही? एवढं दिसलं नाही? मग डोळे कशाला ठेवलेस?"

त्यानंतर जे झालं ते मारणं होतं असं म्हणणंही कमी आहे. आधी चपला, मग लाथा. एकाने सायकलची चेन काढली. सेल्वमने ट्रेलरमधला जॅकचा दांडा आणला. ड्रायव्हर खाली पडला, गुडघे पोटाशी घेतले, तरी ओरडत होता की जॅकेट नव्हतं, अंगावर जॅकेट नव्हतं, आईची शपथ. ते ऐकून लोक जास्त चिडले. मेलेल्यासारख्या पडलेल्या माणसाबद्दल हा खोटं बोलतोय. आणि मी? माझ्याकडे जेवणाचा स्टीलचा डबा होता. मी त्या डब्याने त्याच्या तोंडावर मारलं. एकदा नाही. तो जॅकेट नव्हतं म्हणाला की मारायचो. डबा उघडून भात त्याच्या रक्तात पडला, तरी मारत होतो. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. तिथे खरं बोलणारा तो एकटाच होता.

सेल्वमचा दांडा त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा तिथेच गेला.

मामा हॉस्पिटलात दोन दिवस होते. जॅकेट नर्सने कात्रीने कापून काढलं. पाठीचा शर्ट चिंध्या झालेला, कातडी गेलेली, आणि वरच्या जॅकेटला ओरखडा नाही. कुणाला प्रश्न पडला नाही का? मी वाट बघत होतो. नर्स, डॉक्टर, पोलीस — कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. मामा शुद्धीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले.

सेल्वमने मात्र एक विचारलं होतं. आज पाळी तर तुझी होती ना? माझ्याकडे उत्तर तयार होतं. म्हणालो, मला कणकण होती, फाटकाशी मामांनी माझ्या अंगातलं जॅकेट काढून घेतलं, म्हणाले तू पुढे हो तंबी. सेल्वम ते ऐकून रडला. सगळ्यांनी मानलं, कारण मामा तसेच होते. मामीलाही मी तेच सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, त्यांचा जीव होता तुझ्यावर. तेराव्याच्या कार्याला मला पानावर बसवून जेवू घातलं. मी जेवलो.

कोर्टातही तेच. मला तमिळ नीट येत नाही म्हणून इंग्रजीत विचारलं. जॅकेट अंगात होतं? यस सर. किती अंतरावरून दिसतं? लांबून दिसतं, सर. ड्रायव्हर समोर उभा होता, एका डोळ्यावर बँडेज. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्यात द्वेष नव्हता — कोड्यात पडल्यासारखा बघत होता. त्याला शिक्षा झाली. लायसन गेलं. ते गेलं नसतं तरी एका डोळ्याने ट्रेलर चालवायला कोण देणार होतं?

मी डिग्री घेतली. घरातला पहिला इंजिनिअर. सोलापुरात आईने गल्लीत पेढे वाटले. भीती होती, वय लहान होतं, घरच्यांची आशा माझ्यावर होती — हे सगळं खरं आहे आणि यातल्या कशानेही मामांचा मोडलेला हात भोकातून काढला नाही. तो मी काढला.

नंतर पुण्याकडे नोकरी लागली. सेल्वमचा पोंगलला फोन यायचा, तेवढाच संबंध. मागच्या वर्षी मात्र पोंगल नसताना आला. म्हणाला, कामासाठी नामक्कलला गेलो होतो, त्या ड्रायव्हरच्या गावावरून. राहवलं नाही, घर शोधून गेलो. सेल्वमचाच दांडा त्या डोळ्यावर बसला होता ना, ते त्याच्या मनातून कधी गेलं नव्हतं. कधीकधी वाटायचं, माणूस एवढा मार खाऊनही तेच तेच का सांगत होता? खरं बोलत असेल का?

ड्रायव्हर महिन्यापूर्वीच गेला होता. बायको होती घरी. तिने सेल्वमला चहा दिला. तिने सांगितलं, तुरुंगातून आल्यावर वर्षानुवर्षं तो म्हणायचा, त्या माणसाच्या अंगावर काही नव्हतं. भाऊ, शेजारी, गावच्या देवळातला पुजारी, सगळे त्याला समजवायचे — एवढ्या लोकांनी पाहिलं, कोर्टाने मानलं, तुझा डोळा लागला असेल, कबूल कर म्हणजे मन हलकं होईल. तो भांडायचा. मग भांडणं कमी झाली. शेवटच्या आजारात त्याने बायकोला जवळ बोलावलं आणि म्हणाला, हो, असेल जॅकेट. मी झोपलो असेन. मीच मारलं त्यांना.

 एवढं सांगून सेल्वम म्हणाला, आता बरं वाटतंय रे. शेवटी त्याने मान्य केलं.