नेपरव्हिलची बाळंतीण आणि दोन आज्या

सहार विमानतळावर निरोप देताना आमच्या ह्यांनी मला एकच काम सांगितलं. "पोचल्याचा फोन नाही केलास तरी चालेल, पण दूध आलं की लगेच कळव." शेजारचे सुटाबुटातले गृहस्थ दचकून बघायला लागले. त्यांना वाटलं असेल, ही बाई अमेरिकेला दूध आणायला निघाली आहे.

तसं ते खोटंही नव्हतं. माझी लेक माधवी शिकागोजवळच्या नेपरव्हिलला बाळंत झाली होती. मी आधीच पोचायची, पण व्हिसा लांबला आणि नात माझ्याआधी पोचली. मग जावयांचा, शिरीषरावांचा, ट्रंककॉल आला. दोघी सुखरूप आहेत, पण माधवीला दूध पुरत नाही, बाळाचं वजन वाढत नाही. झालं! साताऱ्याच्या आमच्या स्वयंपाकघरात त्याच दुपारी डिंक तळायला घेतला. हळीव, बाळंतशोपा, ओवा, खारीक, शतावरी, सगळं बॅगेत कोंबलं. साड्यांना जागा उरली नाही, म्हणून दोन साड्या अंगावर एकावर एक नेसूनच निघाले.

शिकागोच्या कस्टमवाल्याने ती बॅग उघडली आणि डिंकाचा खडा दिव्यासमोर धरून विचारलं, "हे काय?"

"झाडाचा चीक," मी माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत सांगितलं.

"आणि तुम्ही हा खाता?"

"मी नाही. माझी मुलगी खाते. ती नुकतीच बाळंत झाली आहे."

त्याने ओव्याचा वास घेतला, शिंकला, आजी झाल्याबद्दल माझं अभिनंदन केलं आणि ओला नारळ तेवढा काढून घेतला. बाकी माल सुखरूप बाहेर आला.

बाहेर नजर पोचेल तिथवर बर्फ. कोकणातला पाऊस मी पाहिला आहे, महाबळेश्वरची थंडी सोसली आहे. पण इतकं गप्प, इतकं पांढरं काही पाहिलं नव्हतं. शिरीषराव ड्राइव्ह करत होते आणि मी काचेला नाक लावून बसले होते. सपाट शेतं, निष्पर्ण झाडं आणि मग एका साच्यातून काढावीत तशी भिंतीला भिंत लावून उभी घरं. त्यातलं एक माधवीचं.

दारात माधवी उभी होती, शाल पांघरून, डोळ्यांखाली काळं. मी तिच्या शेजारून सरळ आत गेले आणि पाळणा गाठला. नात चिमुकली, गोरीपान, पण मांड्यांवर मांस म्हणून नाही. मी तिथेच पदर खोचला.

माधवीने मला सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पुढची तारीख दिली होती. तोवर वजन वाढलं नाही तर बाटलीचं दूध सुरू करायचं. "बाटलीला माझी ना नाही, आई," ती म्हणाली. "पण एवढंसुद्धा मला जमलं नाही असं नको व्हायला गं. माझं दूध बघ ना, निळसर, पाण्यासारखं. हे काय पोसणार तिला?"

मी आमच्या वैद्यांची जुनी परीक्षा केली. वाटीत पाणी घेऊन त्यात दुधाचा थेंब टाकला. सहज मिसळला. "दूध उत्तम आहे," मी निकाल दिला. "फक्त कमी आहे. खा!"

आणि मग मी खायला घालायला लागले. सकाळी डिंकाचा लाडू, न्याहारीला हळिवाची खीर, जेवणात लसूण, मेथी आणि तुपाची धार, दुपारी पुन्हा लाडू. कानाला स्कार्फ घट्ट बांधलेला. केस धुवायचे नाहीत, गार पाणी प्यायचं नाही, दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. माधवी मुकाट्याने सगळं करायची. किती गुणाची पोर, असं मला वाटायचं.

राहता राहिली धुरी. निखारे कुठून आणणार? विजेच्या शेगडीवर लोखंडी तवा चांगला तापवला आणि त्यावर ओवा, बाळंतशोपा, लसणीची सालं टाकली. असा काय झकास धूर निघाला म्हणता! आणि दुसऱ्या क्षणी छतावरून अशी किंकाळी सुटली की माझ्या हातातला चिमटाच पडला. छताला स्मोक अलार्म म्हणून एक पांढरी डबी असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी खुर्चीवर चढून पदराने वारा घालतेय, माधवी बाळाचे कान झाकतेय आणि डबी काही केल्या गप्प बसत नाही. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात एक बुटक्या आजीबाई. अंगात गोधडीसारखं शिवलेलं जाकीट, पायात पुरुषी बूट, हातात भलामोठा ट्रे. काही न विचारता त्या आत घुसल्या, खिडकी सताड उघडली, ट्रेने सपासप वारा घातला आणि डबीला गप्प केलं. मग हवेत नाक वर करून वास घेतला. तवा पाहिला, पाळणा पाहिला, माधवीचा स्कार्फ पाहिला आणि त्यांचं तोंड एकदम फुललं. त्यांनी स्वतःच्या कानांवर हात ठेवून मान डोलावली, म्हणजे हे बरोबर आहे. मग धावत जाऊन खिडकी लावून घेतली आणि चिनी भाषेत मला खडसावलं. बाळंतिणीला वारा लागतोय, अक्कल आहे का, असंच त्या म्हणाल्या असणार. खिडकी त्यांनीच उघडली होती, हे मी त्यांना सांगू शकले नाही.

ह्या लिन आजी. तैवानच्या. शेजारच्या घरात त्यांचा मुलगा आणि सून मेई राहायची, आणि आजी त्या सुनेच्या बाळंतपणासाठी येऊन तिथेच रमल्या होत्या. नवरा असेपर्यंत दोघांनी मिळून तैपेईत वनौषधींचं दुकान चालवलेलं. इंग्रजीचा त्यांना गंध नाही. मेई कामावरून आली की दुभाषी व्हायची. नाहीतर आमचा कारभार हातवाऱ्यांवर.

त्यांच्याकडेही बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नाही. त्याला 'झ्वो-युएत्झ' (महिनाभर बसणं) म्हणतात. गार पाणी नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, आलं आणि तिळाचं तेल भरपूर. "मग तुम्ही आमच्याच!" मी म्हटलं. मेईने ते सांगितल्यावर आजी ठामपणे म्हणाल्या, "नाही, तुम्ही आमच्या."

त्यांचं दुधाचं शास्त्र मी मेईकडून खोदून खोदून विचारून घेतलं. दूध म्हणजे आईचं रक्तच, वर चढून पांढरं झालेलं. पोटाने अन्नाचं रक्त करायचं आणि 'छी'ने (अंगात फिरणाऱ्या प्राणाने) ते ढकलत स्तनांपर्यंत न्यायचं. म्हणून दूध बिघडण्याच्या वाटा दोन. एक म्हणजे रक्तच कमी. तेव्हा स्तन मऊ, दूध पातळ, चेहरा पांढराफटक. तिला खाऊ घालायचं. दुसरी म्हणजे दूध आहे, पण प्राण अडकला आणि वाट बंद झाली. स्तनाग्र त्यांच्या मते यकृताच्या ताब्यात, आणि राग, काळजी, गिळलेलं रडू सगळं यकृतात जाऊन बसतं. आमच्याकडेही रागात असताना बाळाला पाजू नये म्हणतातच की! मला हे सगळं पटलं. फक्त माधवी पहिल्या प्रकारातली आहे, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. माधवी लाजून आजींना हात लावू देत नव्हती, त्यामुळे खरं-खोटं कोण बघणार?

शनिवारी मेई आम्हा दोघींना दुमजली आगगाडीने शिकागोच्या चायनाटाउनला घेऊन गेली. औषधांच्या दुकानात शिरले आणि मला चक्क घरी आल्यासारखं वाटलं. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण आणि आमच्या काष्ठौषधींच्या दुकानातलाच वास. एका खणात मला ज्येष्ठमध दिसला आणि मी आनंदाने ओरडले. आजींनी तुंगत्साओ घेतला, म्हणजे एका झाडाचा गाभा. पांढरा आणि थर्माकोलसारखा हलका. तो दुधाची वाट मोकळी करतो म्हणे.

तिथवर सगळं गोडीत चाललं होतं. पुढच्या दुकानात आजींनी डुकराचे पाय मागितले. मी दोन्ही हात जोडले. त्यांनी मासा दाखवला, मी मान हलवली. त्यांनी हताश होऊन कच्ची पपई टोपलीत टाकली. पपई! बाळंतिणीला! मी ती उचलून परत ठेवली. त्यांनी पुन्हा टोपलीत टाकली. मी पुन्हा काढली. दुकानदार हसायला लागला, मेईने डोक्याला हात लावला. शेवटी शेंगदाण्यांवर तह झाला. शेंगदाणे, लाल खजूर आणि तुंगत्साओ घालून आजींनी कढण करायचं. पपई आजींनी जाकिटात लपवून आणली, हे मला फार उशिरा कळलं.

कढणाने काही झालं नाही. उलट माधवीची छाती दगडासारखी टणक झाली, ठणकायला लागली. बाळ तोंड लावायचं, दोन घोट घ्यायचं आणि किंचाळून रडायचं. डॉक्टरांची तारीख परवावर आलेली. माझा जीव टांगणीला लागला. मी आणखी एक लाडू पुढे केला.

त्या संध्याकाळी माधवीनेच आजींना बोलावणं धाडलं. आजींनी हात चोळून गरम केले, तिची छाती चाचपली, जीभ बघितली, मनगट धरून किती तरी वेळ डोळे मिटून बसल्या. मग माझ्याकडे वळून फडाफडा बोलल्या. मेई जरा संकोचली. "त्या म्हणतात, भांडं रिकामं नाही. भरलेलं आहे आणि झाकण घट्ट आहे. तुम्ही वरून ओतताय. लाडू बंद करा."

लाडू बंद! माझा पाराच चढला. सातासमुद्रापलीकडून मी ते काय शोभेला आणले? पण आजी आता माधवीशी बोलत होत्या. मेई म्हणाली, "त्या विचारतात, तू काय गिळून बसली आहेस?"

माधवी आधी "काही नाही" म्हणाली. मग अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी अशी एकदम उसळली. "सकाळी उठल्यापासून दूध, दूध, दूध! आई विचारते, शिरीष ऑफिसातून फोन करून विचारतो, बाबा साताऱ्याहून विचारतात. मी माणूस आहे की गोठ्यातली म्हैस? आणि आई, तू आल्यापासून एकदा तरी विचारलंस का गं, माधवी, तू कशी आहेस?"

खरंच, मी विचारलं नव्हतं. मेई हलक्या आवाजात आजींना सगळं सांगत होती. आजींनी मान डोलावली, एका शब्दाशी अडखळून मेईला पुन्हा विचारलं आणि दोन बोटांची शिंगं डोक्याला लावून मोठ्यांदा हंबरल्या. माधवीला हसू फुटलं. मग रडू. मग दोन्ही एकदम.

मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "माधवी, तू कशी आहेस?"

मग ती बोलायला लागली. कळा सुरू झाल्या तेव्हा रस्ता बर्फाने बंद होता, ती किती घाबरली होती, मरते की काय असं वाटलं होतं, सारखी मलाच हाका मारत होती. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन थोपटत राहिले. इतकी लांब का दिली पोरीला, असं मला त्या क्षणी फार वाटलं. आजींनी मधल्या वेळात गरम पाण्यात टॉवेल पिळला, खिशातून लाकडी फणी काढली आणि टॉवेलाचा शेक देऊन माधवीच्या छातीवर वरून खाली अलगद ती फिरवायला लागल्या, केस विंचरतात तशी.

दुसऱ्या दिवशी आजींचा हुकूम सुटला. बाळंतिणीला मोटारीतून फिरवून आणा, अडकलेला प्राण मोकळा होऊ दे! महिना पुरा व्हायच्या आत! स्वतःचाच नियम मोडताना त्यांना फार यातना होत होत्या, म्हणून माधवीच्या कानावर त्यांनी स्वतःचा स्कार्फ बांधला, वर मी माझा बांधला. शिरीषराव म्हणाले, "आई, तिला आता ऐकू तरी येतंय का?" आम्ही नदीकाठाने हळूहळू चक्कर मारली. बर्फावर ऊन पडलं होतं, पोरं घसरगाड्या ओढत होती. माधवीने काच बोटभर खाली करून वारा घेतला; मी दुसरीकडे बघितलं. तेवढ्यात चिमुरडी रडायला लागली आणि माधवी एकदम म्हणाली, "अगंबाई! आई, माझा कोट भिजला!"

शिरीषरावांनी गाडी बाजूला घेतली. मागच्या सीटवर शालीच्या आडोशाने नात प्यायला लागली. गटागटा आवाज येत होता. त्या आवाजापुढे मला कुठलंही गाणं नको.

डॉक्टरीणबाईंच्या काट्याने वजन वाढल्याचं सांगितलं. बाटलीचं नाव निघालं नाही. काळजीने दूध अडतं हे त्यांनाही माहीत होतं, आणि सुरुवातीचं दूध निळसर असतं, मागचं दाट, हेही त्यांनी माधवीला समजावलं. "जे करताय ते चालू ठेवा," त्या म्हणाल्या. म्हणजे नक्की काय, यावर घरी वाद पेटला. मी हळिवाचं नाव घेतलं, शिरीषरावांनी गाडीचं. आजी गालातल्या गालात हसत होत्या. त्यांना फणी म्हणायचं असेल, असं मला वाटलं. मेईने हळूच सांगितलं, "त्यांच्या मते पपईमुळे. कढणात किसून घालत होत्या."

मी उठले आणि उरलेलं कढण गरम करायला ठेवलं.

निघायच्या दिवशी आजींनी मला ती फणी दिली, मी त्यांना उरलेला डिंक. दोघींनी एकमेकींचं अक्षरही न कळता आपापल्या भाषेत भरपूर सूचना केल्या. माधवी दारात उभी होती, गालांवर रंग आलेली. या वेळी मी पाळण्याकडे शेवटी गेले.

मुंबईला उतरले. गर्दीतून आमचे हे लांबूनच हात हलवत आले आणि बॅग हातात घ्यायच्या आधी ओरडले, "अगं, दूध पुरतं ना आता?"

"अहो," मी म्हटलं, "आधी विचारा, माधवी कशी आहे."

ते ओशाळले. चष्मा काढून पुसला. मग अगदी हळू विचारलं, "कशी आहे गं माधवी?"

छान आहे, एवढंच सांगायचं होतं. पण इतक्या दिवसांत एकदाही न रडलेली मी, हातातली बॅग तिथेच खाली ठेवली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून भर विमानतळावर रडले.