मापापुरता माणूस

या सदरातली भुतंखेतं वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. भूत म्हणजे अपचन, असं माझं साधं मत होतं. बायको अजूनही त्यावरून टोमणे मारते... आता लिहायची पाळी माझ्यावरच आली आहे, तेव्हा तुम्हीही खुशाल हसा.

अमरावतीच्या एका लहानशा संग्रहालयात मी फोटोग्राफर आहे. वऱ्हाडात रेल्वेचे फाटे पडत होते, त्या वेळचे फोटो आमच्याकडे आहेत. सगळे काचेच्या प्लेटांवर, लाकडी पेट्यांत भरलेले. बरेचसे मूर्तिजापूरहून एलिचपूरला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रस्त्यावरचे – पूल, पाण्याच्या टाक्या, स्टेशनं. प्लेटा पुसायच्या, त्यांच्या प्रती काढायच्या, हे माझं काम. त्या काळची एक पद्धत होती. पूल किती उंच आहे ते कळावं म्हणून शेजारी एखादा मजूर उभा करायचे. त्याला सांगायचे, हलू नको. बस्स, मापापुरता माणूस. त्याचं नाव कोणी विचारत नसे.

आमच्या संस्थापकांच्या तसबिरीला दर गुरुवारी हार लागतो. तो गोदामावशी आणते. माळ्याच्या घरची, केस पांढरे झालेले, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि तोंडाचा पट्टा सदा चालू. "मेलेल्यायले हार अन् जित्त्यायले भाकर नाही," असं तसबिरीच्या तोंडावर म्हणायची, आणि जाताना माझ्या बायकोसाठी एक गजरा फुकट ठेवून जायची.

त्या गुरुवारी मी अंगणात उन्हात प्रती छापत होतो. मावशी टोपली उतरवायला वाकली ती तशीच राहिली.

"भाऊ... हे तं आमचे हायेत."

तिच्यासमोरच्या प्रतीत दगडी पुलाच्या खांबाशी एक विशीतला माणूस. डोक्याला पागोटं, गुडघ्यापर्यंत धोतर, हात खांबाला टेकलेला, डावा खांदा जरा पडलेला. मावशीनं त्या खांद्यावर बोट ठेवलं.

"लग्नाच्या दुसऱ्या साली रेल्वेच्या कामावर गेले. आलेच नाहीत. कोणी म्हने पुलावरून पडले, कोणी म्हने मुंबईत दुसरं बिऱ्हाड केलं. मी कोनाचं आयकू? तवापासून कुंकू लावून राहिली." ती खाली बसली. "भाऊ, मायाजोळ त्यायचा फोटो नवता. आता हा भेटला, तं याले हार घालू का नको? जित्त्या मानसाच्या फोटोले हार नाही घालत. मले एवढंच सांगा, ते हायेत का नाहीत?"

मला गलबलून आलं. शोधतो म्हणालो, पण कुठं शोधणार होतो, देव जाणे. त्या फाट्यावरच्या बाकीच्या प्लेटा पाहिल्या. बऱ्याच पुलांपाशी तोच माणूस उभा होता. एवढंच कळलं की फोटो काढणाऱ्यानं मापाला त्यालाच धरलं होतं.

पुढं संग्रहालयानं मला त्याच फाट्यावर पाठवलं. जुन्या फोटोशेजारी आजचा फोटो लावायचा, अशी कल्पना. मी त्या दगडी पुलापाशी कॅमेरा लावला. भर दुपार, दोन्ही बाजूंना कपाशी, माणूस म्हणून दिसत नव्हता. काळ्या कापडाखाली जाऊन नीट पाहिलं, पूल रिकामा होता. फोटो घेतला आणि आलो.

प्लेट धुतली तर खांबाशी तो उभा...

तेच पागोटं, तोच पडलेला खांदा. मग डोकं लढवलं – जुनी प्लेट चुकून वापरली असेल? पण प्लेटांचं खोकं नवं कोरं, मीच फोडलेलं, आणि पुलावरचा अलीकडे बसवलेला लोखंडी कठडाही फोटोत होता. शेवटी म्हटलं, तो अजून रेल्वेतच कामाला असेल, मध्ये येऊन उभा राहिला असेल, माझं लक्ष नसेल. आणि खरं सांगू? मनातून मी खूश होतो. मावशीला सांगता येणार होतं की ते आहेत.

गुरुवारी दोन्ही फोटो तिच्यापुढं ठेवले. हा बांधकामाच्या वेळचा, हा मागच्या आठवड्यात मी काढलेला. ती आधी हसली. मग दोन्ही फोटो जवळ ओढून आलटून पालटून बघू लागली.

"भाऊ, मंग हे पिकले काहून नाहीत?"

तिनं स्वतःच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. "मी म्हातारी झाली. जित्ते असते तं हेई झाले असते." एवढं म्हणून तिनं पदरानं कपाळ पुसलं. मी नको नको म्हणत होतो. टोपलीतला संस्थापकांचा हार उचलून तिनं जुन्या फोटोवर ठेवला, फोटो छातीशी धरला आणि निघून गेली.

मला झोप येईना. भलतंच मनात आलं. फोटो काढणाऱ्यानं त्याला 'हलू नको' सांगितलं आणि 'झालं' म्हणायचं राहून गेलं असलं तर? हसा. मीही असल्यांना हसलोच आहे. पण मी पुन्हा त्या पुलावर गेलो आणि रिकाम्या खांबाकडे बघून भर उन्हात ओरडलो, "झालं हो! फोटो झाला! जा आता घरी!" घसा बसेपर्यंत ओरडलो. मग फोटो घेतला.

प्लेटवर तो होता. तसाच, हात टेकून.

लेन्स, प्लेट, औषधं, ऊन, सगळं तपासून झालं. जाणकारांना विचारून झालं. उलगडा नाही. कोणाला सुचला तर जरूर कळवा, मी हात टेकलेत.

पुढच्या गुरुवारी मावशी हार घेऊन आली. कपाळ मोकळं. तसबिरीला हार घालता घालता तिनं विचारलं, "भाऊ, तुमी पुलावर जाऊन आले म्हने. कोणी नवतं नं?"

"नाही मावशी. कोणी नव्हतं."

"बरं झालं," ती म्हणाली. "सुटले बिचारे."

ती शेवटची प्लेट माझ्या टेबलाच्या खणात आहे.